दुसऱ्याच्या नावाचा शिक्का



उत्पत्तीचा 23वा अध्याय आपण बहुतेक दफनविधीच्या आसपासच वाचतो. सारा मरण पावली, अब्राहामाला कबरेसाठी जागा हवी होती, आणि त्याने एफ्रोन हित्तीकडून मकपेलाची गुहा विकत घेतली. पण तो अध्याय सावकाश वाचला तर खरेदीखतासारखा वाटतो. 400 शेकेल रुपे तोलून दिले, वेशीवरच्या लोकांसमक्ष व्यवहार झाला, आणि काय मिळाले तेही नोंदले आहे: शेत, त्यातली गुहा, हद्दीच्या आतली झाडे. झाडेसुद्धा! एफ्रोनची ओळखपाळख आणि त्याच्या भरवशावर त्या शेताकडे येणारी माणसे त्या यादीत नाहीत.

ही यादी आम्हाला गेल्या वर्षी फार उपयोगी पडली. सिकंदराबादेतली आमची मराठी उपासनेची मंडळी लहान आहे. कुणी रेल्वेच्या नोकरीमुळे नांदेड-परभणीकडून आलेले, कुणी आयटीमुळे पुण्याहून. उपासनेच्या वेळा आणि संदेश ठेवायला संकेतस्थळ हवे होते. लहानसे, लक्षात राहील असे नाव मोकळे मिळाले आणि आम्ही ते घेतले. मोकळे झाले कारण आधीच्या लोकांनी नूतनीकरण केले नव्हते. डोमेनची मुदत संपली की ते लगेच कुणाच्या हाती जात नाही. विकणारी कंपनी काही दिवस थांबते, मग जादा पैसे भरून सोडवून घेण्यासाठी 30 दिवस असतात, त्यानंतर 5 दिवसांनी नाव बाजारात येते. म्हणजे आम्ही कुणाचे हिसकावले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात पत्रे येऊ लागली. आधी ते नाव शहरातल्या काही तरुणांच्या रक्तदाते गटाचे होते. गट थांबला, पण त्यांचे फेसबुकचे पान, इन्स्टाग्राम आणि ट्विटर तसेच होते, आणि तिथल्या सूचना जुन्या ईमेल पत्त्यांवर जात होत्या. ते पत्ते आता आमच्या नावाखाली! एका रात्री कुणा मुलाचे पत्र आले. आई रुग्णालयात, बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या हव्यात. आम्ही त्याला लगेच कळवले की तो गट आता इथे नाही, सरकारच्या ई-रक्तकोषवर कोणत्या रक्तपेढीत किती साठा आहे ते दिसते, आणि जवळच्या तीन रक्तपेढ्यांचे नंबर दिले. आमच्या मंडळीत त्या गटाचे रक्त कुणाचेच निघाले नाही. सकाळी त्याचा निरोप आला, एक पिशवी मिळाली. पुढचे आम्हाला कळले नाही.

रविवारी उपासनेनंतर बैठक झाली. फेसबुकच्या पानाला काही हजार लोक जोडलेले होते. “पासवर्ड विसरलात?” हे बटण दाबले असते तर खाते उघडण्याचा कोड आमच्याच पेटीत आला असता. तरुण संघातला एक जण म्हणाला, “आपण पान चालवू या. रक्ताची मदतही करू आणि रोज एक वचनही टाकू.” एका वडीलधाऱ्या काकांना तर यात पेत्राचे भरलेले जाळे दिसले. पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काका, ही माणसे कुणाच्या हाकेला आली होती?”

त्या संध्याकाळी आम्ही 1 राजे 21 वाचले. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट शब्बाथ शाळेपासून पाठ आहे, पण ईजबेलीने काम कसे साधले ते आपण घाईत ओलांडतो. तिने पत्रे लिहिली ती अहाबाच्या नावाने, आणि त्यांवर शिक्का मारला तो अहाबाचा. गावच्या वडीलजनांनी शिक्का पाहिला आणि सांगितले तसे केले. आमचा हेतू ईजबेलीचा नव्हता, हे खरे. पण शिक्का दुसऱ्याचाच होता, आणि पत्र उघडणाऱ्याला हेतू दिसत नाही, शिक्का दिसतो.

देशाचा कायदाही इथे मोघम नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66सी दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखचिन्ह कपटाने वापरणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. 2004 साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात (आपल्या हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचीच ती मुळात शाखा कंपनी होती) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की डोमेन हा नुसता पत्ता नाही. लोक त्या नावावरून माणूस ओळखतात, म्हणून त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण आहे.

यात एक उदाहरण आम्हाला आवडते. 2015च्या सप्टेंबरात कच्छमधल्या मांडवीचे सन्मय वेद यांना चक्क गूगल डॉट कॉम हे नाव 12 डॉलरला विकत मिळाले. मिनिटभरात व्यवहार रद्द झाला, पण तेवढ्यात गूगलच्या आतले काही संदेश त्यांच्याकडे येऊ लागले होते. त्यांनी ते कंपनीला कळवले, आणि मिळालेले बक्षीस दान करायला सांगितले.

मग पेटीच बंद करावी, असे काहींचे म्हणणे पडले. आपले नाही, तर बघायचेच कशाला? तेव्हा अनुवाद 22 पुढे आला. भावाचा चुकलेला बैल किंवा मेंढरू दिसले तर घरी आणून सांभाळावे आणि तो शोधत आला की द्यावे, एवढेच तिथे नाही. पाहून न पाहिल्यासारखे करायलाही तिथे मनाई आहे. आमच्या मते त्या उताऱ्यातली खरी अवघड आज्ञा हीच. बैल आपला नाही, म्हणून नांगराला जुंपायचा नाही, आणि आपला नाही म्हणून रस्त्यावर सोडायचाही नाही. वर त्याच्या वैरणीचा खर्च!

म्हणून शोध सुरू झाला. आधीच्या मालकाचे नाव नोंदणीत झाकलेले होते. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी पाने जतन केलेली असतात, तिथे एक फोन नंबर सापडला, तो बंद. शेवटी आमच्या मंडळीच्या खात्यावरून, आम्ही कोण ते स्पष्ट लिहून, त्या पानावर संदेश ठेवला. तोवर संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर मराठी, तेलुगू आणि उर्दूत सूचना लावली: रक्तदाते गट इथे नाही, रक्तासाठी ई-रक्तकोष पाहा.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. गटातली एक ताई आता नोकरीसाठी पुण्यात असते. तिने स्वतःच्या पासवर्डने आत जाऊन फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचा जुना ईमेल बदलला, आमच्या नावाचा दुवा काढला. राहिले ट्विटर. ते खाते तिच्या ज्या सहकाऱ्याने उघडले होते, तो 2021च्या कोरोनाच्या लाटेत गेला. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. त्या एप्रिलमध्ये तो रात्ररात्र त्या खात्यावरून लोकांना रक्त आणि प्लाझ्मा मिळवून देत होता. ताईने विचारले, “तुम्ही उघडून द्याल का? त्याचे खासगी संदेश त्याच्या आईला हवे आहेत.”

या एका प्रश्नावर आम्ही दोन रविवार बसलो. आईची मागणी आम्हाला परकी वाटली नाही, मंडळीतल्या दोन घरांनी त्याच महिन्यात माणसे गमावली होती. पण त्या संदेशांत मदत मागणाऱ्या कितीतरी अनोळखी घरांचे आजार आणि फोन नंबर असणार, आणि त्यांनी ते आम्हाला किंवा त्याच्या आईलाही दिले नव्हते. कंपनीचा नियम असा की मयताचे खाते जवळच्या नातलगाच्या अर्जावर बंद करता येते, आत जाण्याची परवानगी मात्र कुणालाच मिळत नाही. पाळकसाहेब फोनवर त्या माउलीशी तासभर बोलले. खाते बंद करू नका, असे तीच म्हणाली. त्याने सगळ्यांसाठी लिहिलेले तिला फोनवर वाचता येते, आणि ती ते वाचते.

तेव्हा त्या पत्त्यावर येणारे पत्र आता कुणाच्याच पेटीत पडत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जाते. आम्ही ते नाव सोडले तर उद्या घेणाऱ्याच्या हाती त्या मुलाचा शिक्का जाईल. म्हणून खजिनदारांनी थोडी कुरकुर केली तरी आम्ही डोमेनचे पैसे 10 वर्षांचे भरले. एका वेळी त्याहून जास्त भरता येत नाहीत.