विझलेले चित्र

१९९१ साली आखाती युद्धाची दृश्ये आम्ही घरी दूरचित्रवाणीवर पाहिली. क्षेपणास्त्राच्या टोकावरचा कॅमेरा इमारतीकडे झेपावे, इमारत पडदाभर होई आणि चित्र विझे. नेम अचूक लागला म्हणून मी टाळ्याही वाजवल्या होत्या. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला बगदादमधल्या अमिरियाच्या आश्रयस्थानावर असेच दोन अचूक बॉम्ब पडले आणि ४००हून अधिक नागरिक मेले, हे मी पुष्कळ उशिरा वाचले.

पुढे ऑर्सन स्कॉट कार्ड यांची ‘एंडर्स गेम’ (१९८५) ही कादंबरी हाती आली. तीतला एंडर हा मुलगा सैनिकी शाळेत यंत्रावर सरावाच्या लढाया खेळतो. शेवटची लढाई जिंकल्यावर त्याला कळते, की सराव केव्हाच संपला होता. पडद्यावरची जहाजे खरी होती आणि त्याने शत्रूचा अख्खा ग्रह नष्ट केला आहे.

लेखकाने हे वाचकापासूनही लपवले आहे. एंडर जिंकावा म्हणून मीही श्वास रोखून वाचत होतो. पण एंडर लहान होता, त्याला फसवले गेले होते. मला कोणी फसवले होते? चित्र विझल्यानंतर तिथे काय झाले, हे विचारावेसे मला वाटले नव्हते, एवढेच.