लोबची गाडी शोरूममध्ये का नव्हती?

सेबास्टियन लोब. 2004 ते 2012, सलग नऊ वर्षं जागतिक रॅली विजेता आणि नऊही वेळा गाडी सित्रोएनची! मग या कंपनीनं त्या काळात विकलेली खरीखुरी स्पोर्ट्स कार सांगा बरं. डोकं खाजवूनही आठवत नाही ना? आमच्या टीममधला एकजण म्हणाला, "फ्रेंचांना धंदा कळत नाही रे." मला तर उलट वाटतं.

सगळी गंमत नियमांत आहे. पूर्वी 'ग्रुप ए'मध्ये रॅलीला उतरवायची गाडी आधी हजारोंनी बनवावी लागे. सुरुवातीला 5000, पुढे 2500. म्हणून तर लॅन्सिया डेल्टा इंटेग्राले, लान्सर इव्हो वगैरे सामान्य माणसाला मिळाल्या. (सामान्य म्हणजे खिसा जड असलेला सामान्य!) 1997 साली 'वर्ल्ड रॅली कार'चे नियम आले. साध्या मॉडेलवर टर्बो आणि फोर व्हील ड्राइव्ह फक्त रॅलीपुरतं चढवा, विकायची सक्ती नाही. त्यामुळे लोबची क्सारा चारही चाकांवर चिखल उडवत जिंकायची आणि शोरूममधली क्सारा पुढच्या दोन चाकांवर भाजी आणायला जायची. 2010 ची डीएस3 रेसिंग? दिसायला झक्कास, पण तीही फ्रंट व्हील ड्राइव्हच.

हिशेबानं बघितलं तर चूक काहीच नाही. पण टोयोटानं तशी सक्ती नसताना 2020 मध्ये फोर व्हील ड्राइव्हवाली जीआर यारिस विकायला काढलीच की! लोबचं पोस्टर भिंतीवर लावणाऱ्या पोरांनी मोठं होऊन घ्यायचं काय, हा प्रश्न सित्रोएनमध्ये कुणाला पडलाच नसेल का?