देवगडच्या सड्यावर गवत कापायला

यंदा दिवाळीच्या आधी आठवडाभर देवगडला जाण्याचा योग आला. माझी सासुरवाडी तिकडची. कोल्हापूरहून गगनबावडा साधारण 55 किलोमीटर. तिथवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. मग करूळचा घाट उतरला की वैभववाडीपासून हवा बदलते, माणसांची बोली बदलते आणि मातीचा रंगही बदलतो. तळेरे, नांदगाव, शिरगाव करीत आम्ही दुपारी जामसंड्याला पोचलो.

देवगडचा सडा ज्यांनी पाहिला नाही, त्यांना एवढेच सांगतो की आपल्याकडचा शेतकरी ही जमीन फुकट मिळाली तरी घेणार नाही. सगळा जांभा कातळ. त्यात सुरुंग लावून खड्डे फोडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि एकेक कलम पोराबाळासारखे वाढवायचे. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे पुष्कळ कौतुक झाले. कौतुक रास्तच आहे, पण त्यामागचे हे खड्डे कुणी मोजत नाही.

पावसाळ्यात याच कातळावर कमरेएवढे गवत माजते. ऑक्टोबरच्या उन्हाने ते पिवळे पडू लागते, आणि कापायला मिळतात ते हेच चार-सहा आठवडे. पुढे ते वाळून कोळ झाले की कुणी फेकलेली एक विडी पुरते. आमच्या मावशींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या, बागेत मागल्या फेब्रुवारीत असाच वणवा गडगा ओलांडून आला. ऐन मोहरातली सात कलमे होरपळली. मावशी एकट्या, वय सत्तरीच्या पुढे, मुलगा मुंबईला. गडी मिळत नाहीत म्हणून मुलाने गवत कापायचे पेट्रोलवरचे यंत्र आणून दिलेले. शेजारची पोरे ते चालवून देतात.

आम्ही अंगणात पाऊल ठेवतो तो यंत्र पडवीत आडवे, आणि मावशी कपाळाला हात लावून बसलेल्या.

"जावयबापू, शेजारचे झील तीन दिस दोरी ओढतत, पण ह्या काय लागणा नाय. एकदा गवत सुकला काय मगे माका झोप नाय."

तीस वर्षे शेतीखात्यात काढल्यावर "यातले मला कळत नाही" म्हणायची सोय राहत नाही. चहा घेतला आणि बाह्या सारल्या.

पहिल्यांदा बटण पाहिले. हसू नका, निम्म्या वेळा बंदचे बटण दाबलेले असते आणि माणसे दोरी ओढून खांदे उतरवून घेतात. इथे बटण ठीक होते. मग पेट्रोलचा कॅन मागवला. मे महिन्यात आणून ठेवलेले पेट्रोल, निम्मा कॅन रिकामा, झाकण सैल, आणि चार महिने पडवीच्या गळक्या कोपऱ्यात मुक्काम. थोडे काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरले. वर तेलाच्या रंगाचा थर, खाली पाण्यासारखा फिकट थर!

हे असे का होते ते नीट समजून घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून होते, मक्यापासून आणि तांदळापासूनही होते. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते आणि तेल वरच्या पेट्रोलात राहते. टाकीतली नळी ओढते तळाचेच. म्हणजे यंत्र सुरू तर होत नाहीच, आणि चुकून झालेच तर तेलावाचून आतून घासून निघते. आमच्या ऊसवाल्यांचा माल घाट उतरून मावशींच्या यंत्रात असा रुसून बसला होता!

ते पेट्रोल विहिरीच्या बाजूला ओतू दिले नाही. वेगळे भरून गॅरेजवाल्याकडे धाडले. पंपावरून ताजे आणले. यंत्राच्या झाकणावर 50:1 लिहिले होते, म्हणून एका लिटरला टू-स्ट्रोकचे 20 मिली तेल मापून घातले. ज्यावर 25:1 लिहिले असेल त्याला 40 मिली लागते. फोर-स्ट्रोक यंत्र असेल तर पेट्रोलात तेल मुळीच घालायचे नाही. त्याचे तेल निराळ्या जागी असते. अंदाजाने ओतायची सवय मात्र सोडा.

तरीही यंत्र मुके. मग प्लग काढला. दहा-बारा वेळा दोरी ओढूनही तो कोरडा ठणठणीत. प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल वरपर्यंत येत नाही, आणि ओला म्हणजे पेट्रोल येते पण पेट घेत नाही. एवढी खूण ध्यानात ठेवली तर निम्मे काम झाले. कार्बोरेटरजवळचा रबरी फुगाही दाबल्यावर भरत नव्हता. तारेचा आकडा करून टाकीतली जाळी बाहेर काढली, तर तिच्यावर चिकट राप बसलेला. तालुक्याच्या दुकानातून नवी आणून बसवली. फुगा भरू लागला.

आता प्लग ओला येऊ लागला. तो पुसून, फट 0.6 ते 0.7 मिलिमीटरच्या मापात आहे हे पाहून, टोपीसकट यंत्राच्या धातूला टेकवून दोरी ओढली. निळी ठिणगी दिसली. (ही परीक्षा करताना पेट्रोलचा कॅन दूर ठेवावा, टाकीचे झाकण लावलेले असावे आणि प्लग उघड्या हाताने धरू नये.) प्लग बसवला, चोक बंद केला, ओढले. यंत्र एकदा खोकले. चोक अर्धा उघडून पुन्हा ओढले. पुन्हा खोकले, दोन ठोके दिले आणि मेले. असे चार-पाच वेळा झाले.

मी घामाघूम. मनात म्हटले, आता सासुरवाडीत अब्रू जाते. तेवढ्यात शेजारचा बारा वर्षांचा पोरगा धुराड्याच्या तोंडात डोळा घालून म्हणाला, "साहेब, हयसर माती आसा." खरेच! कुंभारीण माशीने पावसाळाभर धुराड्यात मातीचे घर बांधले होते. आत हवा घ्यायला जागा, बाहेर टाकायला नाही. यंत्र जगणार कसे? काडीने माती उकरली, जाळीवरची काजळी तारेच्या ब्रशने झाडली. हवेचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून लावला. दुसऱ्या ओढीला यंत्र असे कडाडले की कोंबड्या गडग्यावर चढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गडग्याकडेने बारा हात रुंदीचा पट्टा कापायला घेतला, कारण आग येते ती तिकडून. पात्याऐवजी नायलॉनचा दोरा लावला. कातळावर पाते बोथट होते आणि दगड उडतात. पोरांना चष्मा आणि गमबूट घातल्याशिवाय यंत्राला हात लावू दिला नाही. कलमांच्या बुंध्याजवळ मात्र हातभर जागा कोयत्यानेच काढली. दोरा लागून साल सोलली गेली तर कोवळे कलम उभ्या उभ्या वाळते. असे मी आमच्या भागात डाळिंबाच्या बागेत पाहिलेले आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना मावशींनी पिशवीत कोकमे भरली आणि विचारले, "फुडल्या पावसाक ह्या खय ठेवू?"

मी सांगितले, मे अखेरीला टाकी रिकामी करायची, यंत्र आपोआप बंद पडेस्तोवर चालवायचे आणि धुराड्याच्या तोंडावर फडके बांधून माळ्यावर चढवायचे. मावशींनी खडू आणला, नव्या कॅनवर पेट्रोल आणल्याची तारीख घातली आणि खाली लिहिले, "एक म्हयनो."