ओळखलेलें रहस्य

कादंबरीचा शेवट आधींच ओळखतां आला, कीं वाचनाचा रस संपला, असें आम्ही पुष्कळ दिवस मानीत होतों. वर्गांत तसें सांगतही होतों. मुलुंडला गाडींत बसतांच पुस्तक उघडावें, भांडुप मागें पडेपर्यंत कोण कोणाचा हरवलेला भाऊ हें ताडावें, आणि घाटकोपर येतांच पुस्तक मिटून विजयी मुद्रेनें खिडकीबाहेर पाहावें, हा आमचा क्रम.

एके रात्रीं आमच्या सौभाग्यवती वाचनालयाची एक कादंबरी वाचीत होत्या. आम्हीं सहज चार पानें चाळलीं आणि म्हणालों, "ही नायिका कांहीं वांचत नाहीं बरं!"

त्यांनीं पुस्तक मिटलें. "तें मलाही केव्हांच कळलं होतं," त्या म्हणाल्या, "पण ती जाईपर्यंत मला तिच्यापाशीं बसायचं होतं." पुस्तक पुढें न वाचतांच परत गेलें.

तें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें. रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ सालची. थोरले माधवराव पेशवे १७७२ सालीं थेऊर येथें क्षयानें वारले आणि रमाबाई सती गेल्या, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. लेखकाजवळ लपवावयास कांहींच नव्हतें. तरी थेऊरचीं पानें आलीं, कीं तिसऱ्या वाचनालाही आमचा चष्मा पुसावा लागला. शेवट ठाऊक असल्यामुळेंच तेथें साधें बोलणेंही निरोपासारखें वाटतें. चातुर्मासांत 'रामविजय' ऐकतांना डोळे टिपणाऱ्या आजीबाईंना सीताहरण का ठाऊक नसतें?

रहस्यकथेची गोष्ट निराळी. बाबूराव अर्नाळकरांच्या कथेंतला खुनी आधींच सांगून टाकणारा स्नेही वैरीच समजावा. तेथें शोध हाच रस. इतर कादंबऱ्यांत मात्र माणसें भेटावीं लागतात. आमच्या गाडींतल्या कादंबऱ्या फसल्या त्या गुपित फुटल्यामुळें नव्हे. त्यांतलीं माणसें जिवंत नव्हतीं, म्हणून कोडें सोडविण्यावांचून आम्हांस दुसरा उद्योग उरला नाहीं. आणि जेथें माणसें जिवंत होतीं, तेथेंही आम्ही कोडेंच सोडवीत बसलों नसूं कशावरून?

परवां तीच कादंबरी आम्हीं वाचनालयांतून पुन्हां आणली आणि दिव्याजवळ ठेविली. जेथें वाचन थांबलें होतें तें पान सौभाग्यवतींनीं बरोबर शोधून काढलें आणि त्या वाचूं लागल्या. आम्ही जवळच बसलों; बोललों मात्र नाहीं.