पाणी मागणारी गाडी

हायडेलबर्गच्या दक्षिणेला विस्लोख नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जुन्या औषधांच्या दुकानासमोर बेर्टा बेन्झचं स्मारक आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये ही 39 वर्षांची बाई नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला निघाली. सोबत 15 वर्षांचा ऑयगेन आणि 13 वर्षांचा रिशार्ड. वाटेत इंधन कमी पडलं तेव्हा तिने याच दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. म्हणून हे दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

टोपीच्या पिनेने तिने तुंबलेली इंधननळी साफ केली, ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मला तिची दुसरी गोष्ट जास्त आवडते. ती गाडी सारखं पाणी मागायची. तेव्हा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. एक लिटर पाणी 20 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट त्याची वाफ करायला लागते. त्यामुळे इंजिन थंड राहायचं, पण पाणी संपत राहायचं. मग विहीर, ओढा, खानावळ, जिथे मिळेल तिथे थांबायचं. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून थंड करणारा मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर विल्हेल्म मायबाखने पुढे 1900 च्या सुमारास बनवला.

आज हा रस्ता 'बेर्टा बेन्झ मेमोरियल रूट' म्हणून ओळखला जातो. जाऊन-येऊन 194 किलोमीटर. आम्ही सप्टेंबरमध्ये निघालो. पुढे मंडळातला एक मित्र त्याच्या चारचाकी क्वाडवर, मागे आमची गाडी. गाडीत माझे बाबा. बाबांची उभी हयात एसटीच्या डेपोत बस दुरुस्त करण्यात गेली. इथे तीन महिन्यांसाठी आले, पण दुसऱ्याच आठवड्यात विचारू लागले, "तिकीट अलीकडे घेता येतं का रे?" भाषा येत नाही, हाताला काम नाही, खिडकीतून किती वेळ झाडं बघणार?

ब्रुखसालच्या पुढे चढउतार सुरू होतात. एका चढावर क्वाडचा तापमानाचा लाल दिवा लागला. मित्राने बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. खाली टपटप हिरवे थेंब. तो झाकणाला हात घालणार तोच बाबा मागून ओरडले, "थांब! आंबोली घाटात हात भाजून घेतलेले पाहिलेत मी." गरम रेडिएटरचं झाकण उघडलं, की दाब सुटून उकळतं पाणी अंगावर येतं. मग तासभर आम्ही गवतावर बसून चिवडा खाल्ला.

गाडी निवल्यावर बाबांनी बाह्या सरसावल्या. आधी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाळ चहासारखं दिसलं असतं, तर पाणी तेलात शिरतंय आणि गाडी उचलूनच न्यावी लागणार, असा अर्थ. तेल स्वच्छ होतं. मग म्हणाले, "थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं. ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधायची." पण वाऱ्याने आणि चिखलाने सगळंच माखलेलं. त्यांनी सगळे पाइप कोरडे पुसले, प्रत्येक जोडावर कागदी रुमाल गुंडाळला आणि इंजिन थोडा वेळ चालू करायला लावलं. पाणी तापून दाब वाढला तसा रेडिएटरच्या खालच्या पाइपावरचा रुमाल हिरवा झाला. क्लिपच्या खाली रबर तडकलं होतं.

पाइपात थोडी ढील होती. इंजिन पुन्हा गार झाल्यावर चिवड्याचा रिकामा डबा खाली धरून कूलंट त्यात उतरवलं, कारण हे गोडसर वासाचं पाणी कुत्र्यामांजरांना विषारी असतं. तडकलेलं दोन सेंटिमीटर टोक कापून पाइप परत बसवला, क्लिप आवळली.

पाणी मात्र कमी पडलं. बाबा समोरच्या शेतघराकडे निघाले. मी म्हटलं, "वासर म्हणायचं, बाबा." ते म्हणाले, "वासरू देतील रे ते लोक!" पाच मिनिटांनी शेतकरीणबाई पाण्याचा कॅन घेऊन त्यांच्याबरोबर हसत आली. एकमेकांचं एक अक्षर न कळता दोघं गाडीबद्दल बोलत होते. डब्यातलं कूलंट गाळून परत ओतलं, वर पाणी भरलं. पुढची चाकं चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून बाबांनी इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहिले, मग झाकण लावलं. आत हवा अडकली तर भरलेली गाडीही तापते. पंखा फिरून आपोआप बंद पडला, तेव्हाच त्यांनी निघायची परवानगी दिली. फोर्त्सहाइम आम्ही संध्याकाळी गाठलं.

साधं पाणी घातल्याने कूलंट पातळ झालं होतं. निम्मं-निम्मं मिश्रण साधारण उणे 35 अंशांपर्यंत गोठत नाही. पातळ झालं तर हिवाळ्यात गोठून इंजिन फुटू शकतं. म्हणून पुढच्या शनिवारी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या वर्कशॉपमध्ये बाबांनी नवा पाइप आणि नवं कूलंट घातलं. जुनं कूलंट कॅनमध्ये भरून गावच्या घातक कचरा संकलन केंद्रावर दिलं. इथे ते गटारात ओतायला बंदी आहे. त्यानंतर मंडळातल्या आणखी तिघांनी "काका, हिवाळ्याआधी आमचीही बघता का?" म्हणून फोन केले. बाबांनी तारखा वहीत लिहून घेतल्या. एक तारीख परतीच्या तिकिटानंतरची होती.

या रस्त्याला जाणार असाल तर मे किंवा सप्टेंबर निवडा, विस्लोखला थांबा, आणि निघण्याआधी, इंजिन गार असताना, कूलंटची पातळी बघून घ्या. गाडीत पाच लिटर पाणी असू द्या.