अण्णा आणि सामी सुतार

एकवीरेला जायचं ठरलं की आमच्याकडे पंचांगाआधी अण्णांचे गुडघे विचारात घेतात. यंदा गुडघे 'हो' म्हणाले. लोकलनं मळवलीला उतरलो, रिक्षा केली, आणि पायऱ्यांवर नारळ घेऊन सौ. पुढे, अण्णा मधे आणि उरलेलं सगळं सामान घेऊन मी मागे, अशी आमची यात्रा निघाली.

वर पाहतो तो ही रांग! सौ. रांगेत राहिली आणि अण्णांना सावलीला म्हणून मी शेजारच्या लेण्यात नेलं. देशातलं हे सर्वांत मोठं चैत्यगृह, पण इतक्या वर्षांत मी आत शिरलो नव्हतो. देवी फुकट भेटत असताना शेजारी तिकीट कोण काढतो?

आत शिरताच अण्णांनी मान वर केली ती खाली आणीचनात. छताला लाकडी कमानी!

"सागवान," जन्मभर रंधा मारलेले अण्णा म्हणाले. "काम झकास आहे. पण यावर भार कशाचाच नाही. मग कशाला?"

मी नुकतंच वाचलेलं ज्ञान पाजळलं. पूर्वी अशी सभागृहं लाकडाचीच असत; खडकात कोरायला लागल्यावरही सवय सुटली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कमानी मूळच्याच आहेत, स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडीच.

"म्हणजे आमच्या पोटावर पाय तेव्हापासूनच!" अण्णा म्हणाले. स्लॅबची घरं आली तेव्हापासून त्यांचा हा राग आहे.

खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत यवनसुद्धा आहेत. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'सप्रेम भेट' रंगवतात, तशातलाच प्रकार. दाराजवळ मात्र एका कारागिराचं नाव आहे: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं हे दार केलं.

"परत वाच," अण्णा म्हणाले. ब्राह्मी मला कुठली येतेय! मी पुस्तकातलं परत वाचलं.

"पोरानं बापाचं नाव घातलंय."

मी बँकेत लागलो त्या दिवशी आईनं पेढे वाटले होते. संध्याकाळी अण्णांनी हत्यारांची जादा पेटी, माझ्यासाठी घेतलेली, माळ्यावर टाकली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. लेण्यातही बोललो नाही.

बाहेरून सौ.ची हाक आली. अण्णा निघाले आणि दाराशी थांबले.

"मजुरी किती मिळाली, ते लिहिलंय का रे?"

"नाही."

"वाटलंच," म्हणाले, आणि माझा खांदा धरून पायरी उतरले.