परसाकडे

गेल्या पौषात आमचा नातू शाळेतून येताना दप्तराबरोबर एक पिल्लूही घेऊन आला. बुधवाऱ्यातल्याच कुठल्याशा गल्लीतले, गावठी, तांबूस, दोनेक महिन्यांचे. "याचं हगणं-मुतणं कोण काढणार?" असे म्हणून सौ.नी दारातच हात आडवा केला. तीस वर्षे मुलांना शिस्त लावली, एका पिल्लाला लावता येणार नाही का, असे मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे पुष्कळ दिवस ऐकावे लागले.

आमचे घर जुने. पुढे ओटा, मागे परस. परसात आड आणि एक सीताफळ. आडापासून दूरचा, सीताफळाखालचा कोपरा मी मोत्यासाठी मुक्रर केला. (बऱ्हाणपूरच्या माणसाला जमिनीखालच्या पाण्याची काळजी शिकवावी लागत नाही. इथे १६१५ साली, खानखाना रहीमच्या काळात बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी नुसत्या उताराने गावात आणले.) कोपरा आम्हां सर्वांना पसंत होता, मोत्याला नव्हता. त्याला बैठकीतली सतरंजी आवडली.

चौथ्या दिवशी मी वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला एक ठेवून दिली, नाक सतरंजीवर दाबले. परिणाम असा, की माझ्यासमोर करणे त्याने बंद केले आणि तो धान्याच्या कोठीमागे जाऊन उरकू लागला. त्याला कळले ते एवढेच, की हा मनुष्य जवळ असताना हे काम धोक्याचे आहे. परसात नेऊन मी शेजारी उभा राहिलो, तर तो अंग आखडून नुसता माझ्या तोंडाकडे पाहत बसे.

त्या नजरेने मला एक मुलगा आठवला. नोकरीचे पहिलेच वर्ष. आमचे गाव तेव्हा खंडवा जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा २००३ सालचा. मी खालच्या वर्गांना शिकवीत असे. माध्यम हिंदी, आणि बाहेर जायची परवानगी हिंदीतच मागायची, हा नियम माझा. खेड्यातून नुकताच आलेला एक मराठी मुलगा पाय आवळून बसला होता. मग बाकाखाली ओघळ आला. मी त्याला पट्टी मारली. घरचा शब्द चालत नव्हता आणि वर्गातला त्याच्याकडे नव्हता. वास्तविक त्याचा शब्द मला तरी कळला असता! तो आठ दिवस शाळेत आला नाही. त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी, हे मला तेव्हा सुचलेही नाही.

वर्तमानपत्राची सुरळी मी बंबात घातली आणि पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला : "घरात त्याला काय म्हणता?" मोजले तर तीन भाषा निघाल्या. सौ. 'शू कर' म्हणत, नातू 'चल बाहर', भांडीवाली बाई निमाडीत काहीतरी, आणि मी 'चला मोतीराव'. कुत्र्याला भाषेचा अभिमान नसतो; त्याला एकच शब्द, रोज तोच, एवढेच लागते. सौ.नी माझ्या आईचा शब्द काढला : 'परसाकडे'. एकेकाळी आपल्याकडे सगळे घरदार परसाकडेच जाई!

"परस याने क्या?" नातवाने विचारले. मी त्याला परस दाखवला. इतके दिवस तो त्याच्या लेखी पिछवाडा होता.

मग रीतसर शिकवणी सुरू झाली, आणि शिकवणारा नातू. उठल्याबरोबर, खाणे झाल्यावर, खेळून झाल्यावर, रात्री निजण्याआधी. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा फार तर दोनेक तास धरवते. गळ्यात दोरी, त्याच वाटेने त्याच कोपऱ्यात. तिथे त्याच्याच लघवीने भिजलेले फडके ठेवायचे, म्हणजे वास वाट दाखवतो. काम झाले की त्याच क्षणी पोळीचा तुकडा. घरात येऊन दिला, तर तो घरात आल्याचे बक्षीस समजतो. सतरंजी व्हिनेगरच्या पाण्याने पुसायची. अमोनियाच्या औषधाने पुसली, तर त्याला तिथे आपलाच वास येतो. चुकला तर बोलायचे नाही, पुसून टाकायचे. हे शेवटचे मला सर्वांत जड गेले.

दीड महिना लागला. एका पहाटे मोत्या मागच्या दाराशी जाऊन कुईंकुईं करू लागला. सौ. अंथरुणातूनच म्हणाल्या, "अहो, त्याला परसाकडे लागलीय."

जूनमध्ये नातू इंदूरला आईवडिलांकडे गेला. तिथे घरीदारी हिंदीच. रविवारी फोन येतो. शाळा, मित्र, क्रिकेट, सगळे हिंदीत. शेवटी मात्र विचारतो, "मोत्या परसाकडे जातो ना?" पहिल्या पावसात त्याने चार दिवस घोटाळा केला होता, ओल्या मातीत पाय घालीना. मी खरे ते सांगितले.

"मारू नका हं, आजोबा."

मी त्याच दुपारी कोपऱ्यावर पत्र्याचा एक तुकडा बांधून घेतला.